‘राइड लोनसम’मध्ये पाहायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बड बेटिकर या दिग्दर्शकाचा १९५९ सालचा ‘राइड लोनसम’ पाहिला. एक जण गुन्हेगाराला पकडतो, पाच माणसं घोड्यांवरून ओसाड मुलखातून जातात, शेवटी थोडा गोळीबार होतो आणि एक झाड जळतं. वेस्टर्नचे, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या घोडेस्वार-बंदुकांच्या चित्रपटांचे, जाणकार चाहते याला जॉन फोर्ड, हॉवर्ड हॉक्स यांच्या गाजलेल्या चित्रपटांच्या पंक्तीला का बसवतात? मला तो साधा आणि संथ वाटला. आणि ते झाड जाळायचं कारण काय?

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून घ्यावा. तो फक्त ७३ मिनिटांचा आहे, आणि पुढे मी शेवट सांगणार आहे.

संथ वाटला ही तुमची नोंद अगदी बरोबर आहे. त्यातला प्रवास संथच आहे, आणि तो तसा का, हाच या चित्रपटाचा पेच आहे. बेन ब्रिगेड (रँडॉल्फ स्कॉट) फरारी माणसं बक्षिसासाठी पकडून देतो. खुनाच्या आरोपातल्या बिली जॉनला धरून तो सांताक्रूझला निघालाय. बिलीचा थोरला भाऊ फ्रँक टोळी घेऊन मागे लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. अशा वेळी कुणीही आडवाट धरेल, माग पुसत जाईल, घोडे दामटेल. ब्रिगेड यातलं काही करत नाही. तो उघड्यावरून जातो, घाई करत नाही, माग लपवत नाही. सोबत चाललेल्या सॅम बूनला हे खटकतं. मागून येणारा फ्रँकही अखेर ओळखतो, की या माणसाला बिली नकोच आहे, त्याला मी हवा आहे. म्हणजे प्रेक्षक म्हणून जी गोष्ट तुम्हाला खुपली, तीच गोष्ट पडद्यावरच्या दोन हुशार माणसांनाही खुपते, आणि तिथूनच कथा उलगडते. संथपणा हा इथे पुरावा आहे.

माझा धंदा संकलनाचा. “इथं गती पडतेय, जरा कापा” हे वाक्य या धंद्यात रोज ऐकू येतं. म्हणून शिकायला आलेल्या मुलांना मी ‘राइड लोनसम’ आवर्जून दाखवतो. गती म्हणजे कटांची संख्या नव्हे, हे समजवायला यापेक्षा सोपा धडा मला सापडलेला नाही. या चित्रपटात माणसं घोड्यांवर शेजारी-शेजारी बोलत येतात आणि कॅमेरा त्यांच्या पुढे मागे-मागे सरकत राहतो. दोघंही एकाच चौकटीत, शॉट लांब. अशा शॉटमध्ये संकलकाला फारसं काही करता येत नाही. बून एक वाक्य बोलून थांबला, ब्रिगेडनं उत्तर द्यायला वेळ घेतला, तर ती मधली शांतता तशीच ठेवावी लागते. प्रत्येकाचा वेगळा क्लोजअप असता तर ती छाटता आली असती. बेटिकर यांनी आणि पटकथाकार बर्ट केनेडी यांनी त्या शांततेवरच सगळा भार टाकलाय. ब्रिगेड काय बोलतो यापेक्षा तो उत्तर द्यायचं कधी टाळतो, याकडे लक्ष ठेवून चित्रपट पुन्हा पाहा. संथपणाची तक्रार बरीचशी विरून जाईल.

आता तुमचा ‘साधा’ हा शब्द. इथे मला एका चित्रपटाची आठवण होते, जो आपल्याकडे प्रत्येकानं पाहिलाय. कथेचं मूळ बघा. एक कायद्याचा रखवालदार एका दरोडेखोराला पकडतो. दरोडेखोर सुटतो आणि त्याचा सूड रखवालदाराच्या घरच्यांवर उगवतो. पुढे तो रखवालदार, आता वर्दीत नसलेला, आयुष्यभराचा हिशोब चुकवायला निघतो. ‘शोले’मधल्या ठाकूरची ही गोष्ट आहे, आणि ब्रिगेडचीही हीच आहे. ब्रिगेड पूर्वी शेरीफ होता. त्यानं फ्रँकला गजाआड केलं होतं. सुटल्यावर फ्रँकनं ब्रिगेडच्या बायकोला पळवून नेलं आणि एका झाडाला फाशी दिलं. एकानं दुसऱ्यावरून घेतलं असं मला म्हणायचं नाही. सूडाचं हे बीज जगभरच्या गोष्टींत सापडतं. मला रस आहे तो दोन्हीकडच्या मांडणीत.

‘शोले’ मूळ लांबीत तीन तासांहून जास्त चालतो. त्यात ठाकूरच्या घरावरचा हल्ला आपण सविस्तर बघतो. गोळी लागताच एकेक माणूस गोठल्यासारखा स्थिर होतो आणि झोपाळ्याचा आवाज चालू राहतो. एम. एस. शिंदे यांच्या संकलनाची ती जागा आजही शिकण्यासारखी आहे. ‘शोले’ला फिल्मफेअरचा जो एकमेव पुरस्कार त्या वर्षी मिळाला तो त्यांच्या संकलनाला, याचा आम्हा संकलकांना फार अभिमान आहे. तिथे तो प्रसंग दाखवणं गरजेचं होतं. ठाकूरच्या रागात आपल्याला सामील करून घ्यायचं होतं.

‘राइड लोनसम’ उलट्या वाटेनं जातो. ब्रिगेडची बायको पडद्यावर येतच नाही. तिचा फोटो नाही, फ्लॅशबॅक नाही, तिच्या आठवणीचं संगीत नाही. चित्रपटाचा मोठा भाग उलटेपर्यंत ती होती हेसुद्धा आपल्याला माहीत नसतं. ब्रिगेड पैशासाठी माणूस विकतो म्हणून वाटेत सोबत आलेली कॅरी लेन त्याचा तिरस्कार करते, आणि तो ते मुकाट ऐकून घेतो. खरी गोष्ट शेवटी मोजक्या शब्दांत कळते. आणि सगळ्यांत अंगावर येतं ते फ्रँकचं बोलणं. ब्रिगेडचा डाव लक्षात येतो तेव्हा तो आपल्या माणसांना सांगतो, की मी एकदा त्याला एक दुखापत केली होती, खूप वर्षं झाली, मी जवळजवळ विसरूनही गेलो होतो. एका बाईला फासावर चढवणं याच्या लेखी विसरण्याजोगी बाब आहे. दुसऱ्या माणसाचं उभं आयुष्य त्याच एका दिवशी थांबलंय. फ्रँक झालेला ली व्हॅन क्लीफ हे वाक्य डोळे न वटारता, आवाज न चढवता म्हणतो. त्याला या चित्रपटात मोजकीच दृश्यं आहेत, पण क्रौर्य इतक्या कमी ऐवजात फार थोड्या चित्रपटांनी उभं केलंय. पुढे १९६५ मध्ये सर्जिओ लिओनेच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये तोच बक्षिसासाठी माणसं पकडणारा कर्नल झाला आणि जगभर ओळखला जाऊ लागला.

हा चित्रपट कसा बनला हे थोडं सांगायला हवं, कारण त्याचा आटोपशीरपणा काही अंशी गरजेतून आलाय. १९५०च्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. त्यातल्या दुय्यम चित्रपटाचा खर्च कमी, लांबी सव्वा तासाच्या आतबाहेर. १९५९ सालापर्यंत तर टीव्हीवर संध्याकाळच्या वेळी दोन डझनांहून अधिक वेस्टर्न मालिका चालू होत्या. घरबसल्या फुकट मिळणारी गोष्ट बघायला लोकांनी थिएटरात का यावं, हा प्रश्न छोट्या वेस्टर्नपुढे होता. रँडॉल्फ स्कॉट तेव्हा साठीला पोहोचलेला होता. दशकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेतल्या सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या पहिल्या दहा नटांत गणला जायचा. निर्माता हॅरी जो ब्राउन आणि स्कॉट यांची भागीदारी होती. तिचं पुढचं नाव रॅनोन, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून केलेलं. वितरण कोलंबियाचं. म्हणूनच बेटिकर आणि स्कॉट यांच्या चित्रपटांच्या मालिकेला चाहते ‘रॅनोन वेस्टर्न’ म्हणतात.

खरी सुरुवात त्याआधी, १९५६च्या ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’पासून झाली. तो जॉन वेनच्या बॅटजॅक कंपनीचा चित्रपट. केनेडींची पटकथा वेननं स्वतःसाठी ठेवली असती, पण तो फोर्डच्या ‘द सर्चर्स’मध्ये गुंतला आणि भूमिका स्कॉटकडे आली. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी या चित्रपटावर ‘कायये द्यू सिनेमा’ या मासिकात आदर्श वेस्टर्न म्हणून लेख लिहिला. अमेरिकेत ज्याला कुणी जोडचित्रपटापलीकडे किंमत देत नव्हतं, त्याचं मोल पॅरिसमध्ये आधी ओळखलं गेलं. १९५६ ते १९६० या काळात बेटिकर आणि स्कॉट यांनी एकूण सात चित्रपट केले. त्यांतल्या चारांच्या पटकथांवर केनेडींचं नाव आहे: ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’, ‘द टॉल टी’, ‘राइड लोनसम’ आणि ‘कोमांची स्टेशन’. जाणकारांचा जीव या चारांवर.

या चौघांचा सांगाडा जवळपास एकच आहे. एकटा, काहीतरी हरवलेला नायक. वाटेत भेटलेली एक स्त्री. आणि एक गोडबोल्या प्रतिस्पर्धी, जो नायकापेक्षा जास्त बोलतो, जास्त हसतो, आणि बऱ्याचदा जास्त आवडतो. ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’मध्ये तो ली मार्विन, ‘द टॉल टी’मध्ये रिचर्ड बून (हा नट, सॅम बून हे पात्र नव्हे), ‘कोमांची स्टेशन’मध्ये क्लॉड एकिन्स. या तिघांनाही नायकाबद्दल आदर वाटतो आणि तिघंही शेवटी नायकाच्या हातून मरतात. नियमच होता तो.

‘राइड लोनसम’ हा नियम मोडतो, आणि माझ्या मते तो या सगळ्यांत श्रेष्ठ ठरतो तो इथेच. पर्नेल रॉबर्ट्सचा सॅम बून आणि जेम्स कोबर्नचा व्हिट हे दोघं फरारी आहेत. जो कुणी बिलीला आणून देईल त्याचे मागचे गुन्हे माफ, अशी घोषणा झालीय, आणि बूनला ती माफी हवीय. त्याची एक जागा आहे, तिथे जाऊन त्याला शेती-गुरं करायची आहेत, सरळ जगायचंय. म्हणजे बिली हा ब्रिगेडला आमिष म्हणून हवा, बूनला नवं आयुष्य म्हणून हवा, आणि फ्रँकला भाऊ म्हणून हवा. तिघांचीही कारणं पटण्यासारखी आहेत. बून ब्रिगेडपासून काही लपवत नाही. सांताक्रूझ यायच्या आत मला तुला मारावं लागेल, हे तो त्याला जवळपास तोंडावर सांगतो, आणि त्यात वैर नसतं. उलट वाटेत बिलीच्या हाती रायफल लागते आणि ती तो ब्रिगेडवर रोखतो, तेव्हा ती भरलेलीच नाही अशी थाप मारून बूनच त्याला वाचवतो. बिली क्षणभर घुटमळतो आणि डाव उलटतो. रायफल भरलेली होती हे आपल्याला नंतर कळतं. हा प्रसंग दोनदा पाहा. दुसऱ्यांदा रॉबर्ट्सच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते शोधा.

बून आणि व्हिटचं एक छोटंसं संभाषण आहे. तिथे माझ्याकडे शिकायला आलेली मुलं हमखास सावरून बसतात. त्या जागेत तू माझा अर्धा भागीदार, असं बून व्हिटला सांगतो. वर्षानुवर्षं सोबत फिरलेला व्हिट चक्रावतो आणि विचारतो, का? बूनचं उत्तर एवढंच, की तू मला आवडतोस. मला हे कधी माहीतच नव्हतं, असं व्हिट म्हणतो. बस. कोबर्नचा हा पहिलाच चित्रपट. एक उंच, लांब हातापायांचा, बावरलेला पोरगा, ज्याला कुणी कधी चार प्रेमाचे शब्द बोललेलं नाही. सूडाच्या गोष्टीत हे दृश्य अनावश्यक म्हणून सहज कापता आलं असतं, लांबी तशीही कमीच हवी होती. ते राहिलं म्हणून शेवटी बून आणि व्हिट जगावेत असं आपल्याला मनापासून वाटतं, आणि तो ताण शेवटच्या सामन्यात कामी येतो.

आता चौकटीबद्दल, कारण खरा आनंद तिथे आहे. बेटिकर-स्कॉट चित्रपटांपैकी सिनेमास्कोपमध्ये चित्रित झालेला हा पहिला. चौकटीची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट. त्या काळात या रुंद पडद्याचा उपयोग गर्दी, सैन्य, राजवाडे दाखवायला व्हायचा. इथे सगळी मिळून डझनभर बोलकी पात्रंही नाहीत. छायालेखक चार्ल्स लॉटन ज्युनियर यांनी ती रुंदी माणसामाणसांतलं अंतर मोजायला वापरली. पाच घोडेस्वार चालताना कोण पुढे, कोण मागे, बिलीच्या शेजारी कोण, कॅरीच्या बाजूला कोण, हे दर वेळी बघा. बून ब्रिगेडच्या पाठीमागे आहे की बरोबरीला, एवढ्यावरून त्या घडीला त्यांचं नातं काय आहे ते कळतं. बेटिकर तरुणपणी मेक्सिकोत बैलझुंज शिकले होते, रिंगणात उतरले होते, आणि हॉलिवूडमध्ये त्यांचा शिरकाव झाला तोच १९४१च्या ‘ब्लड अँड सँड’चे बैलझुंजीचे सल्लागार म्हणून. पावलाभराच्या अंतरावर जीव कसा अवलंबून असतो हे त्यांनी अंगावर घेतलेलं होतं. चौकटीतल्या अंतराची ही जाण मला त्याच अनुभवातून आलेली वाटते.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. ब्रिगेड खडकांच्या खिंडीतून एकटा येतो. बिली निवांत बसलाय, जणू वाटच पाहत होता. तो हसत सांगतो, की वर खडकांत माझी माणसं बंदुका रोखून आहेत. आता ब्रिगेड काय करणार? तो बिलीला शांतपणे सांगतो, की ती गोळी मला लागली तरी मरायच्या आत मी तुला मारणार. बिलीचं हसू ओसरतं. एक गोळी न झाडता आपल्याला दोन गोष्टी कळल्या: हा माणूस मरणाला भीत नाही, आणि त्याला जगण्यात फारसा रसही उरलेला नाही. दुसरी गोष्ट का, हे कळायला पुढचा सगळा चित्रपट लागतो.

हे खडक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावालगतच्या अलाबामा टेकड्या. सिएरा नेवाडाच्या पूर्व पायथ्याशी, ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीच्या सावलीत झिजून गोल झालेले ग्रॅनाइटचे धोंडे. शेकडो वेस्टर्न इथे चित्रित झाले. आपल्या दृष्टीनं एक वेगळी नोंद: १९३९च्या ‘गंगा दीन’मधला हिंदुस्थानचा वायव्य सरहद्दीचा मुलूख म्हणजे हेच धोंडे. इंग्रजी साम्राज्याचा तो उदोउदो पाहून संपादक बाबूराव पटेल यांनी आपल्या ‘फिल्मइंडिया’ मासिकातून त्यावर हल्ला चढवला होता, आणि मुंबई आणि बंगाल प्रांतांत त्यावर बंदी आली होती. ‘राइड लोनसम’ बघताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. तिथे जे खडक देखावा म्हणून उभे होते, तेच इथे कथेत वावरतात. त्यांच्या आडून कुणीही निघू शकतं, आणि प्रवास जसजसा पुढे सरकतो तसतसे पात्रांना खडकांतून काढून मोकळ्या, सपाट जमिनीवर आणलं जातं. लपायला जागा कमी होत जाते आणि ब्रिगेडला नेमकं तेच हवं असतं.

त्रुटी सांगितल्याशिवाय कौतुक खरं होत नाही. मेस्कालेरो अपाची ही मूळ अमेरिकी जमातीची माणसं या चित्रपटात फक्त धोका म्हणून येतात. त्यांना नाव नाही, कारण नाही, बाजू नाही. हल्ल्याची दृश्यं कसबी आहेत, पण त्या काळच्या शेकडो चित्रपटांतल्यासारखीच आहेत. अपवाद एकच, घोड्याच्या सौद्याचा. कॅरीच्या बदल्यात ते एक घोडा देऊ करतात. ब्रिगेड तिला सांगतो, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस. ती धीर धरून पुढे जाते, आणि तो घोडा तिच्या बेपत्ता नवऱ्याचा आहे हे पाहताच कोसळते. नवरा मेला हे तिला, आपल्याला आणि सोबतच्या सगळ्यांना एकाच क्षणी कळतं, तेही मृतदेह न दाखवता. ब्रिगेडच्या बायकोबाबत जे केलं तेच इथे नवऱ्याबाबत केलंय. मरण दाखवायचं नाही, त्याची खूण दाखवायची.

कॅरीच्या भूमिकेचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. कॅरन स्टील तिला कणखर करते, पण पटकथेत पुरुषांनी तिच्याकडे बघण्याला जितकी जागा आहे तितकी तिच्या स्वतःच्या मनाला नाही. नायिका स्वतः महत्त्वाची नसते, ती नायकात काय जागं करते ते महत्त्वाचं, अशा अर्थाचं बेटिकर यांचं एक विधान आहे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मधल्या आपल्या प्रसिद्ध स्त्रीवादी निबंधात ते उदाहरण म्हणून घेतलं, आणि तेव्हापासून जगभरच्या चित्रपट-अभ्यासवर्गांत बेटिकर यांचं नाव या विधानासाठीही घेतलं जातं. ती टीका मला मान्य आहे. चित्रपटावर माझं प्रेम आहे म्हणून ती मी सौम्य करणार नाही.

आता झाड. मोकळ्या जागेत उभं एक निष्पर्ण, वाळकं झाड, आडव्या फांदीमुळे क्रुसासारखं दिसणारं. ब्रिगेड बिलीला घोड्यावर बसवून, गळ्यात दोर घालून त्या फांदीखाली उभा करतो आणि फ्रँकची वाट बघतो. म्हणजे फ्रँकनं जे केलं होतं तेच दृश्य ब्रिगेडनं पुन्हा रचलंय. फक्त बायकोच्या जागी फ्रँकचा भाऊ आहे आणि बघणाऱ्याच्या जागी फ्रँक. इतकी जुनी गोष्ट, मी विसरलोच होतो, असं फ्रँक इथे पुन्हा बोलून दाखवतो. माणूस विसरू शकतो, एवढंच ब्रिगेड म्हणतो. मला हे संपूर्ण मालिकेतलं सर्वांत भयंकर उत्तर वाटतं, कारण त्यात राग शिल्लकच नाही. फ्रँक चाल करून येतो, मरतो. घोडा बिथरतो आणि बिली फासाला लटकतो, पण ब्रिगेड त्याला मरू देत नाही. इथे नीट लक्ष द्या. सूड बरोबरीचा करायचा असता तर बिलीला लटकू द्यायला हवं होतं. ब्रिगेड तिथे हात आखडतो.

मग बून समोर येतो. पूर्ण चित्रपटभर आपण ज्या सामन्याची धास्ती घेतलेली असते तो हाच, आणि तो होतच नाही. ब्रिगेड बिलीला बूनच्या हवाली करतो. सरळ वागण्याचं बोलला आहेस तर तसाच वाग, एवढं बजावतो. बून, व्हिट आणि कॅरी बिलीला घेऊन निघून जातात. कॅरीनं ब्रिगेडबरोबर जावं, नायकाला नवा संसार मिळावा, असा शेवट तेव्हाच्या प्रेक्षकाला सवयीचा होता. तो इथे नाकारलाय. ज्यांना पुढे जायचं होतं ते सगळे गेले. मागे राहिला तो ब्रिगेड, आणि तो झाड पेटवतो. कॅमेरा क्रेनवर वर चढतो, ज्वाळा आणि धूर चौकटीत उंच जातात.

या झाडाचे अर्थ लोकांनी पुष्कळ लावले आहेत. क्रूस, वधस्तंभ, वेस्टर्न या प्रकाराचाच अंत, वगैरे. मला साधा अर्थ पुरतो. फ्रँक मेला तरी जे झालं ते झालंच, हे ब्रिगेडला त्या क्षणी कळलंय. माणूस मारून हिशोब मिटला असता तर झाडाला हात लावायची गरज पडली नसती. आणि संकलक म्हणून आणखी एक सांगतो. ७३ मिनिटांत त्या बाईचं एकही चित्र आपल्याला दिलेलं नाही. तिचं मरण पहिल्यांदा आणि शेवटचं डोळ्यांसमोर उभं राहतं ते या झाडातून. हेच झाड आधी एखाद्या फ्लॅशबॅकमध्ये दाखवलं असतं, तर शेवटच्या शॉटला ही ताकद उरली नसती. राखून ठेवलेली प्रतिमा एकदाच खर्च करायची असते. बेटिकर यांनी ती योग्य जागी खर्च केली.

चित्रपट इतका कमी माहितीचा का राहिला, याचं उत्तर काही अंशी बेटिकर यांच्या पुढच्या आयुष्यात आहे. १९६०च्या ‘कोमांची स्टेशन’नंतर, नाव होऊ लागलं होतं त्याच वेळी, ते हॉलिवूड सोडून मेक्सिकोला गेले. कार्लोस अरुझा या बैलझुंजपटूवर माहितीपट करायचा ध्यास होता. त्यात अनेक वर्षं गेली. पैसा गेला, संसार मोडला, तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ दोन्ही पाहावी लागली, आणि १९६६ मध्ये खुद्द अरुझाच मोटार अपघातात गेला. माहितीपट पूर्ण झाला, पण दिग्दर्शक म्हणून मधली उमेदीची वर्षं हातची गेली. स्कॉटनं १९६२ मध्ये सॅम पेकिनपाच्या ‘राइड द हाय कंट्री’नंतर काम थांबवलं. ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ तर दशकानुदशकं बघायलाच मिळत नव्हता. २००० साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहानं तो पूर्ववत केला. बेटिकर २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांना हे पाहता आलं, याचं मला समाधान वाटतं. २०२३ मध्ये जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीनं रॅनोन मालिकेतले पाच चित्रपट एकत्र, उत्तम प्रतीत काढले आहेत. जमलं तर त्याच प्रतीतून बघा. मोबाइलवर नको. सिनेमास्कोपची चौकट हातभर पडद्यावर चिंचोळी पट्टी होऊन बसते, आणि वर ज्या अंतरांबद्दल मी एवढं लिहिलंय ती दिसतच नाहीत.

क्रम विचाराल तर आधी ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ बघा, ली मार्विनसाठी. मग ‘द टॉल टी’. ती एल्मोर लेनर्डच्या कथेवर आहे आणि या चारांत सर्वांत कठोर आहे. त्यानंतर ‘राइड लोनसम’ पुन्हा. बून कोणत्या दोघांच्या जागी उभा आहे आणि त्यांच्या वाट्याला काय आलं होतं हे तोवर तुम्हाला माहीत असेल, त्यामुळे शेवटचा सामना वेगळाच वाटेल. शेवटी ‘कोमांची स्टेशन’. मालिकेतल्या बाकीच्या तिघांपैकी ‘बुकॅनन राइड्स अलोन’ मजेत बघण्यासारखा आहे आणि ‘डिसिजन ॲट सनडाऊन’मध्ये सूडाचाच विषय उलटा करून तपासलाय, तोही चुकवू नका. ‘वेस्टबाउंड’ राहिला तरी चालेल.